मुकीला शिकवलेला धडा

६ जानेवारी
सूड घ्यायचं ठरवलं. कुणाचा ते लिहून ठेवतो, कारण माझा राग फार लवकर उतरतो आणि मग लोक त्याचा फायदा घेतात. एक, मेहुणा. दोन, त्याने खाणीत आणलेला तो विजेवरचा डंपर.

आज कँटीनमध्ये सगळ्यांसमोर मेहुणा म्हणाला, भावोजी, तुम्ही जुने लोक गाडी चालवत नाही, नुसते ब्रेक जाळता. लोक हसले. शॉवेलवाला मिशाळ सगळ्यात मोठ्याने हसला, आणि तेव्हा त्याच्या तोंडात माझ्याच डब्यातली भाजी होती. मी एकवीस वर्षं सात नंबरचा डिझेल डंपर चालवतोय. डोंगराच्या माथ्यावर खाण, पायथ्याला क्रशर. वर दगड भरायचा, खाली नेऊन ओतायचा, रिकामं वर यायचं. भरल्या गाडीने दिवसभर उतार उतरायचा म्हटल्यावर ब्रेक जळणार नाहीत तर काय गारठणार?

हा मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. कॉलेजची शेवटची दोन वर्षं आमच्या घरी राहिला. आमचंच मीठ खाल्लं. माझ्याच स्कूटरवर गाडी शिकला आणि तिचा आरसा फोडला. आता इंजिनीअर होऊन आमच्याच खाणीत आला आणि मला ब्रेक शिकवतोय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

७ जानेवारी
हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, बोलला ते खोटं आहे का? मागच्या वर्षी तीनदा ब्रेक बदलले की तुमचे.
ही तटस्थ आहे. तटस्थ म्हणजे त्याच्या बाजूची.

९ जानेवारी
मोठ्या साहेबांची मीटिंग. नव्या गाडीची तीन महिने चाचणी होणार. पास झाली की डिझेलचे डंपर एकेक करून काढणार. दोन-तीन ड्रायव्हर नव्या गाड्यांवर राहतील, बाकीचे क्रशरच्या पट्ट्यावर नाहीतर पाण्याच्या टँकरवर.

पाण्याचा टँकर म्हणजे धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारत फिरणारी गाडी. तिच्या ड्रायव्हरला आम्ही पाणक्या म्हणतो. चांगला माणूस आहे, पण कँटीनमध्ये त्याच्या बाजूची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी असते. मी स्वतः त्याला बरंच चिडवलं आहे.
मी पाणक्या होणार नाही. सात नंबर जाणार नाही. जाईल तो मेहुणा, आणि जाताना मुकीला घेऊन जाईल.
(मुकी हे नाव मी ठेवलं. चालू आहे की बंद ते कळतच नाही. अशा मुकाट गाडीवर कोण विश्वास ठेवणार?)

१० जानेवारी
मेहुण्याचं भाषण. पडद्यावर आकृत्या. उतारावर काहीतरी होतं आणि चढावर काहीतरी वापरलं जातं असं चाललं होतं. मी ऐकलं नाही, कारण त्याने वाटलेल्या कागदावर मी त्याचंच चित्र काढत होतो. शिंगं छान जमली.

शेवटी कानावर आलं की उतारावर बॅटरी आपोआप भरते. निव्वळ थाप. असं असतं तर टेकडी उतरताना माझ्या स्कूटरच्या टाकीत पेट्रोल वाढलं नसतं का?

१२ जानेवारी
मास्टरस्ट्रोक. चाचणीसाठी ड्रायव्हर कोण, असं साहेबांनी विचारल्यावर मी हात वर केला. घरभेद्याशिवाय किल्ला पडत नाही. आत बसूनच मुकीचा जीव घेणार. पहिल्याच आठवड्यात तिची बॅटरी भर रस्त्यात बसली पाहिजे, सगळ्यांच्या देखत.

मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, भावोजी, तुम्ही पुढे याल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, आपल्या माणसासाठी एवढं करायलाच हवं. मग मिशाळकडे बघून डोळा मारला. त्याने डोळ्यात घालायला थेंब आणून दिले.

१५ जानेवारी
मुकीवर पहिला दिवस. खुर्ची आरामशीर आहे. ही शत्रूची चाल. गाडी हादरत नाही, त्यामुळे दहा वर्षं दुखणारी माझी कंबर आज दुखली नाही. संशयास्पद. इतकी शांतता, की उतरताना पोटात गुरगुरलेलं ऐकू आलं.

योजना पहिली: ओझं. मिशाळला सांगितलं, प्रत्येक खेपेला एक बकेट दगड जास्त टाक. त्याबद्दल त्याला रोज माझ्या डब्यातली भाजी. जितकं ओझं तितकी बॅटरी लवकर बसणार, हे शेंबडं पोरही सांगेल.
निकाल: माथ्यावरून निघालो तेव्हा बॅटरी एकसष्ट टक्के. पायथ्याला पोचलो तेव्हा सहासष्ट. मीटर नादुरुस्त आहे.

१८ जानेवारी
मिशाळ एका बकेटऐवजी दीड टाकतोय. भाजी आवडलेली दिसते. मी चार दिवस कोरडं खातोय. संध्याकाळी मीटर सत्तर दाखवतंय. म्हणजे बिघाड वाढत चालला आहे. मेहुण्याला मुद्दाम सांगितलं नाही. चाचणीच्या शेवटी सगळ्यांसमोर उघडं करणार.

मेहुण्याने पाठ थोपटली. म्हणाला, प्रत्येक खेपेला सगळ्यात जास्त माल तुमचाच जातोय, भावोजी, खरंच मनावर घेतलंत.
घेतलंय. तुला कळेल काय घेतलंय ते.

२२ जानेवारी
योजना दुसरी: ब्रेक. तो म्हणतो ना मी ब्रेक जाळतो? जाळूनच दाखवतो. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाय ब्रेकवरून उचलायचाच नाही. सात नंबरवर असं केलं असतं तर दुसऱ्या वळणापर्यंत धूर निघाला असता आणि पाचव्या वळणाला मी.

दिवसभर ब्रेकवर उभाच होतो म्हणा. धूर नाही. वास नाही. उतरून चाकाजवळ हात नेऊन बघितला, ऊनही लागेना. मेकॅनिकने संध्याकाळी तपासलं आणि विचारलं, तुम्ही आज ब्रेक लावलाच नाही का, नवाकोरा आहे की!
बॅटरी अठ्ठ्याहत्तर.
पायाला गोळा आला. हिने तेल लावून दिलं आणि विचारलं, आज कुठे नाचलात?

२५ जानेवारी
योजना तिसरी. ही खास, कारण हिच्यात दोन्ही शत्रूंना एकदम ठोसा आहे.
मेहुण्याची केबिन तिसऱ्या वळणावर आहे. पत्र्याची पेटी, तिला एक मोठी काच. आत बसून पडद्यावर गाड्या बघतो. उंटावरून शेळ्या हाकणारा! तर आजपासून भरल्या गाडीने त्याच्या काचेसमोर यायचं, गाडी जागच्या जागी थांबवायची, आणि तीन लांब हॉर्न द्यायचे. पहिला खाल्लेल्या मिठासाठी. दुसरा कँटीनमधल्या अपमानासाठी. तिसरा असाच. मुकीला आवाज तो एवढाच, पण आहे दणदणीत.

शिवाय रिकामं वर येताना माथ्यावर पाणक्या टँकर भरतो ती पाण्याची टाकी लागते, तिला गरज नसताना एक पूर्ण प्रदक्षिणा घालायची. तेवढीच बॅटरी वाया.
पहिल्याच हॉर्नला मेहुण्याचा चहा शर्टावर सांडला. काचेतून स्वच्छ दिसलं. या वर्षातला सर्वोत्तम क्षण.
मग तो उठून खिडकीशी आला आणि त्याने हात हलवला. मूर्खाला वाटलं, मी हाक मारतोय.

२९ जानेवारी
हॉर्न चालू. प्रदक्षिणा चालू. पाणक्या टाकीशी पाइप धरून उभा असतो. गाडी भोवती फिरते तसा तोही माझ्याकडे बघत जागच्या जागी फिरतो. आज म्हणाला की, मला चक्कर येते रे, काय मिळतं तुला यात? मी म्हटलं, टायर गार होतात. त्याच्या अंगावर बरीच धूळ होती. एवढं पाणी हाताशी असून माणूस असा राहतो.

मेहुणा खिडकीत येऊन हात हलवतोच आहे. आता तर हॉर्नच्या आधीच उभा असतो.

५ फेब्रुवारी
योजना चौथी. भर उन्हात सगळे दिवे. वायपर. रेडिओ. एसी शेवटच्या आकड्यावर, आणि तो सहन व्हावा म्हणून खुर्चीचा हीटर. सगळं एकदम.
निकाल: बॅटरी एक टक्का कमी!!! विजय.
अंगात कणकण आहे.

७ फेब्रुवारी
ताप. घरी. मेहुणा औषध घेऊन आला, उशाशी बसला. म्हणाला, मुख्य ऑफिसमधून फोन येतायत, ही कुणाची शिफ्ट म्हणून विचारतायत. दुसऱ्या शिफ्टवाल्याला गाडी अधूनमधून चार्जिंगला लावावी लागते. तुमच्या शिफ्टला चार्जरची वायरसुद्धा कुणी उचलली नाही.

मी काहीतरी कडक बोलणार होतो, पण तोंडात थर्मामीटर होता. ही भावाकडे बघून अशी हसली, की मला ताप एकशे दोन असल्याची तिला आठवणच नसावी.

१२ फेब्रुवारी
आज अत्यंत महत्त्वाचा शोध मी स्वतः, कुणाच्याही मदतीशिवाय लावला. उतारावर मुकीची बॅटरी भरते. ब्रेक दाबला की चाकं तिच्या मोटारी फिरवतात आणि त्यातून वीज तयार होते. जितकं ओझं जास्त आणि ब्रेक जास्त, तितकी वीज जास्त. तीच वीज वापरून ती रिकामी वर येते. मीटर बरोबर होतं.

मेहुण्याने हे आधीच नीट सांगायला नको होतं का? लपवून ठेवलं. आकृत्यांमध्ये लपवून ठेवलं.
म्हणजे महिनाभर मी सापाला दूध पाजत होतो. माझी भाजी, माझी पोटरी, माझा ताप, सगळं तिच्या बॅटरीत गेलं. आज अन्नावर वासना नव्हती. दोनदाच जेवलो.
पण एक बरं झालं. शत्रूचं गुपित कळलं. आता गाठ माझ्याशी आहे.

१६ फेब्रुवारी
योजना पाचवी आणि शेवटची. भरलेल्या घागरीत पाणी मावत नाही. मुकीला माथ्यावरच काठोकाठ चार्ज केलं तर उतारावर तयार होणारी वीज जाणार कुठे? कुठेच नाही. मग बघू काय करते बया.
गुरुवारी मुख्य ऑफिसचे लोक चाचणी बघायला येणार आहेत. मुहूर्त गुरुवारचा.
नवीन शर्ट इस्त्री करून ठेवला. ही म्हणाली, इतका उत्साह आमच्या लग्नात दिसला नव्हता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळ
क्रमाने लिहितो, कारण डोकं भणभणतंय.
सकाळी माथ्यावरच्या चार्जरला मुकीला स्वतःच्या हाताने लावलं. शंभर टक्के. मिशाळकडून दोन बकेट जास्त. निघालो. शंभर पावलांवर पडदा लाल झाला. मागच्या बाजूला असलेल्या पेटीतला पंखा असा गर्जायला लागला की कानठळ्या बसल्या. मुकी बोलली! तिने आपला वेग आपणच कमी केला आणि म्हातारं माणूस जिना उतरतं तशी उतरायला लागली. मागे सगळा रस्ता तुंबला. मागच्या डंपरमधून मला ज्या शिव्या येत होत्या त्या मी आनंदाने ऐकल्या.

तिसऱ्या वळणावर पाहुणे हेल्मेट घालून उभे. मेहुणा पांढराफटक. मी थांबलो, तीन हॉर्न दिले आणि चेहरा साधाभोळा करून खाली उतरलो.
मुख्य ऑफिसच्या मॅडमनी विचारलं, वर पूर्ण चार्ज का केलंत? मी म्हटलं, काय होतं ते बघावं म्हटलं. हे खरंच होतं.

त्यावर त्यांनी मुकीच्या पडद्यावरचे आकडे वाचून बघितले. मग म्हणाल्या की, ही गाडी इतर खाणींतही चालते, पण तिथे कुणाला ही परीक्षा घ्यायचं सुचलं नव्हतं. बॅटरी काठोकाठ, ओझं मर्यादेबाहेर, तीव्र उतार, आणि तरी गाडीने जास्तीची वीज पंख्याच्या पेटीत जाळून स्वतःला आवरलं. याहून मोठा पुरावा काय हवा? आणि दुसरं, माथ्यावरचा चार्जर काढून टाका, यांच्यासारखी गाडी चालवली तर तो लागतच नाही, हेही या गृहस्थांनीच दाखवून दिलं.
टाळ्या. फोटो. फोटोत मी, मुकी, आणि माझ्या खांद्यावर मेहुण्याचा हात.
चाचणी मुदतीआधीच पास.

२ मार्च
नोटीस लागली. डिझेलचे डंपर काढणार. पहिला सात नंबर. कारण त्याच्या आणि मुकीच्या आकड्यांतला फरक सगळ्यात जास्त. मुकीचे आकडे माझे. सात नंबरचेही माझेच.
शेडमध्ये जाऊन सात नंबरच्या टायरला टेकून उभा राहिलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मिशाळ आला तेव्हा टायरची हवा बघतोय असं दाखवलं.

९ मार्च
नवा संकल्प. सूड सोडलेला नाही, फक्त दिशा बदलली आहे. आता मुकीला इतकं उत्तम चालवायचं की कंपनीचं माझ्यावाचून पान हलणार नाही. आणि मग एके दिवशी, ऐन कामाच्या गर्दीत, राजीनामा फेकायचा. साहेब पाया पडतील. मेहुणा रडेल. मी वळून बघणार नाही.
हिला सांगितलं. ही म्हणाली, त्या दिवशी येताना दूध आणा.

२७ मार्च
संकल्प जोरात. सर्वोत्तम ऑपरेटर म्हणून सर्टिफिकेट आणि एक मग मिळाला. मगावर मुकीचं चित्र आहे. त्यातून चहा पिणार नाही म्हणून ठरवलं. बाकीचे कप विसळायचे राहिले होते म्हणून आज तेवढा प्यालो.
हॉर्न आणि प्रदक्षिणा चालूच ठेवल्या आहेत. माणसाने आपला बाणा सोडू नये.

१४ एप्रिल
मेहुण्याने मुकीच्या केबिनमध्ये दोन कॅमेरे आणि एक काळी पेटी बसवली. म्हणाला, भावोजी, गाडीला तुमचा पाय शिकवायचा आहे. मी समजलो. नवीन पोरांसाठी माझा व्हिडिओ काढतायत. पायापेक्षा चेहरा जास्त दिसेल असा एक कॅमेरा वळवून घेतला. केस कापून आलो.

मेहुणा म्हणाला, रोज चालवता तसंच चालवा, काही वेगळं करू नका. मी म्हटलं, खुशाल शिक. शिकवलेली बुद्धी आणि बांधलेली शिदोरी कुणाला पुरली आहे?

२२ एप्रिल
मेहुणा आज पेन घेऊन बसला आणि त्याने चाचरत विचारलं, भावोजी, तिसऱ्या वळणावर थांबून तीन हॉर्न देता आणि वर टाकीला फेरी मारता, ते आवश्यक आहे का? नसेल तर शिकवण्यातून काढून टाकतो.

क्षणभर घाम फुटला. पण मी कच्च्या गुरूचा चेला नाही. गंभीरपणे सांगितलं, ते वळण आंधळं आहे, समोरचं दिसत नाही, हॉर्न दिलाच पाहिजे. एकाने माणूस दचकतो, दुसऱ्याने बघतो, तिसऱ्याने बाजूला होतो. आणि फेरीने टायर गार होतात. हे अनुभवाचं आहे, पुस्तकात सापडणार नाही.
त्याने शब्दन् शब्द लिहून घेतला. इतका बनवला त्याला, की हसू दाबताना पोट दुखलं. इंजिनीअर म्हणे!

१ जून
राजीनाम्याची वेळ जवळ येत चालली आहे. मसुदा तोंडपाठ आहे. पहिल्या वाक्यात 'कृतघ्न' हा शब्द आहे.

८ जून
आज सकाळी मुकी मला न घेता गेली.
मी कँटीनपाशी होतो. समोरून भरलेली मुकी उतरत आली. मला वाटलं, माझ्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसवलं, म्हणून मी धावत पुढे गेलो. खुर्चीत कुणीच नव्हतं. दुसऱ्या वळणावर मी जिथे पाय दाबतो, बरोबर तिथे तिने ब्रेक दाबला. मी अलीकडे थोडा आधीच दाबतो, गुडघ्यामुळे. तिनेही थोडा आधीच दाबला.

मग तिसरं वळण. थांबली. तीन लांब हॉर्न. मेहुण्याने आतून हात हलवला.
मला रडू आलं. मिशाळने विचारलं तर मी त्याला धूळ म्हणून सांगितलं. तो म्हणाला, हो, आज धूळ फार आहे.

९ जून
मेहुण्याशी बोलणं बंद. घरी आला तरी बोललो नाही. तो हिच्याशी बोलला, मी ऐकलं. म्हणत होता, ताई, मी भावोजींना स्पष्ट सांगितलं होतं, गाडीला तुमचा पाय शिकवायचाय म्हणून. त्यांनी आनंदाने सही केली.
सही केली ही गोष्ट खरी. कागदावर फोटोची जागा होती, म्हणून मला वाटलं कंपनीच्या अंकात छापणार असतील.

३ जुलै
बदली. पाण्याचा टँकर. जुना पाणक्या रिटायर होतोय.
आता मात्र राजीनामा. नक्की. सोमवारी. 'कृतघ्न' शब्दाखाली रेघ मारणार.

६ जुलै, सोमवार
राजीनामा खिशात घालून गेलो. साहेब म्हणाले, आधी गाडी तरी बघून या.
शेडमध्ये टँकर उभा होता. पुढचं तोंड ओळखीचं वाटलं. डाव्या दिव्याला पोचा. तो पोचा मी पाडला आहे, अकरा वर्षांपूर्वी. सात नंबर! मागची ट्रॉली काढून तिथे पाण्याची टाकी बसवली आहे. आत माझी गादी तशीच.

साहेब म्हणाले, भंगारातच निघाली होती. तुमचा मेहुणा महिनाभर माझ्या मागे लागला. म्हणाला, भावोजींना दुसरी गाडी चालायची नाही.
मी आत चढलो. किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात कंबर दुखली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!
राजीनामा खिशातच राहिला, शर्टाबरोबर धुतला गेला. हिने धुतला. मुद्दाम नसावा.

७ जुलै
जुन्या पाणक्याने कामाचा ताबा दिला. पाइप, व्हॉल्व्ह, गमबूट. बूट एक नंबर लहान आहेत. जाताना म्हणाला, टाकीपाशी उभा राहशील तेव्हा मधोमध उभा राहा, चक्कर कमी येते. आणि हसला. सहा महिन्यांत त्याला हसताना पहिल्यांदाच बघितलं.

तेवढ्यात मुकी रिकामी वर आली आणि टाकीला प्रदक्षिणा घालायला लागली. मी पाइप धरून उभा. तिच्याकडे बघत बघत जागच्या जागी फिरलो. माझं सगळं अंग धुळीने भरलं.
कँटीनमध्ये बाजूची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती. शेवटी मिशाळ येऊन बसला. भाजीसाठी असेल.

१० ऑगस्ट
मेहुण्याला बढती. मुख्य ऑफिसला जाणार. म्हणजे मी जानेवारीत ठरवलं होतं तसंच झालं: तो गेला. सूड पूर्ण झाला असं धरायला हरकत नाही.

जेवायला आला होता. जेवता जेवता म्हणाला, भावोजी, एक सांगू? त्या पत्र्याच्या पेटीत दिवसभर एकटाच असायचो. खाणीत माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं, डिझेल बंद करणारा म्हणून. तुमचे तीन हॉर्न आले की वाटायचं, घरचं कुणीतरी आलं. बरं वाटायचं.
मी म्हटलं, भात घे अजून. मीठ नेमकं त्याच्याच पुढ्यात होतं.

१९ ऑगस्ट
तिसऱ्या वळणावरची केबिन रिकामी झाली ती टँकर विभागाला मिळाली. टँकर विभाग म्हणजे मी. टेबल, खुर्ची, किटली, आणि ती मोठी काच. एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझी स्वतःची केबिन! तब्येतीत बसलो. मुकीच्या मगात चहा ओतला.

मुकी आली. काचेसमोर थांबली. तीन लांब हॉर्न. मी पहिल्यालाच उडालो. चहा सगळा शर्टावर.
मेहुण्याला फोन लावला. म्हटलं, ते हॉर्न ताबडतोब काढ. तो म्हणाला, आता कसं काढणार, भावोजी? आंधळं वळण आहे, असं तुम्हीच सांगितलंत. एक दचकायला, एक बघायला, एक बाजूला व्हायला. आता सुरक्षा नियमातच घातलंय, तुमच्या नावासकट. पुढच्या महिन्यात आणखी पाच गाड्या येतायत, सगळ्या मुकीकडूनच शिकणार.
फोन ठेवला. शर्ट पुसत बसलो. पुन्हा आली, पुन्हा तीन. मग पुन्हा. काच बंद करून बघितली, कानात कापूस घालून बघितला.

संध्याकाळच्या खेपेला तिचा आवाज यायच्या आधीच उठलो, खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि हात हलवला.
तिकडे खुर्चीत कुणीच नव्हतं.